ब्रिटिश आर्मीच्या जुन्या प्रॅक्टिस तलवारी गोळा करायच्या असतील तर

धार नाही, नक्षी नाही, म्यान नाही, टोक गोल केलेलं आणि मुठीवरचं चामडं घामाने काळं पडलेलं, अशी तलवार टेबलावर दिसली की बहुतेक जण पुढच्या टेबलाकडे जातात, मी तिथेच थांबतो. मी लीड्सला राहतो, इथे रॉयल आर्मरीज म्युझियम आहे, १९९६ ला उघडलेलं आणि आत जायला पैसे लागत नाहीत, सुरुवातीला पाहुण्यांना दाखवायला म्हणून जायचो, मग एकटाच जायला लागलो आणि त्यातून हा नाद लागला. पुण्याचा माझा मावसभाऊ आणि इकडचे दोन-तीन मित्र सारखे विचारतात की अरे सुरुवात कुठून करायची, काय बघायचं, कितीला घ्यायचं, तर एकदाच सगळं नीट लिहून काढतो.

आधी हे कळलं पाहिजे की प्रॅक्टिस तलवारच का. ऑफिसरची तलवार दिसायला सुंदर असते, पात्यावर राजाराणीची अक्षरं कोरलेली, मुठीला मुलामा, पण त्यातल्या कितीतरी तलवारी आयुष्यभर परेडला आणि फोटोला कमरेला लटकल्या, त्यांनी एकही वार झेललेला नसतो. प्रॅक्टिसची तलवार मात्र रोज सकाळी जिम्नॅशियममध्ये खणाखण वाजलेली असते. गार्डवरचा, म्हणजे मुठीवर हात झाकणाऱ्या लोखंडी भागावरचा, प्रत्येक पोचा आणि पात्याच्या कडेचा प्रत्येक खाचा म्हणजे कोणातरी शिपायाचा अडवलेला नाहीतर चुकलेला वार आहे. सैनिक तलवार चालवायला नेमका कसा शिकत होता ते या वस्तूवर लिहिलेलं असतं. आपल्याकडे आखाड्यात फरी-गदगा खेळतात ना, चामड्याची छोटी ढाल आणि चामडं गुंडाळलेली काठी, पट्टा हातात देण्याआधी पोरांचा हात त्यावर बसवतात, तसंच हे. तोच विचार, फक्त सरकारी शिक्का मारलेला.

आणि या तलवारी कमी उरल्यात त्याचं कारणही हेच आहे. वापरून वापरून तुटल्या, तुटल्या की भंगारात गेल्या, जपून ठेवावी असं कोणाला वाटलंच नाही. पण तरीही अजून त्या साध्या लढाईच्या तलवारीपेक्षा बऱ्याचदा स्वस्त मिळतात, कारण भिंतीवर टांगायला घेणाऱ्याला त्या आवडत नाहीत. म्हणून नवीन माणसाने इथूनच सुरुवात करावी असं मला मनापासून वाटतं.

थोडा इतिहास, कारण त्याशिवाय ओळखता येणार नाही

ब्रिटिश सैन्यात तलवारीचं एकसारखं शिक्षण सुरू झालं ते ल मार्शां नावाच्या घोडदळाच्या ऑफिसरमुळे. १७९३ नंतर फ्लँडर्सच्या मोहिमेत त्याने बघितलं की आपलेच स्वार घाईत वार करताना स्वतःच्या घोड्याला आणि स्वतःलाच जखमी करतायत. मग त्याने १७९६ मध्ये घोडदळासाठी तलवारीच्या कवायतीचे नियम लिहिले, सहा मुख्य वार ठरवून दिले, आणि हलक्या घोडदळाची ती प्रसिद्ध वाकडी तलवारही बर्मिंगहॅमच्या ऑस्बॉर्न या कारागिराबरोबर बसून त्यानेच घडवून घेतली. पुढे १८१२ मध्ये सालामान्काच्या लढाईत तो मारला गेला. त्या काळात सरावाला वेगळी खास तलवार असायचीच असं नाही, काठ्या घ्यायचे किंवा जुनी तलवार बोथट करून वापरायचे.

मग आले अँजेलो. मूळ इटलीतलं घराणं, लंडनमध्ये तीन पिढ्या तलवार शिकवत होतं. हेन्री अँजेलोने पायदळासाठी जी पद्धत बसवली आणि जी १८४० च्या दशकात सरकारी पुस्तिकेतून सगळीकडे गेली तिच्यात सात वार आणि सात बचाव. भिंतीवर एक मोठं वर्तुळ रंगवायचं, त्यात वाराच्या रेषा आणि आकडे, समोर शिपाई उभा करायचा आणि आकडा ओरडायचा. हे वर्तुळ लक्षात ठेवा कारण जुन्या पुस्तिकांची सुटी पानं, चार्ट वगैरे विकायला येतात आणि तलवारीच्या शेजारी ठेवायला त्याच्यासारखी दुसरी गोष्ट नाही.

खरी गंमत सुरू होते १८६० पासून. क्रिमियाच्या युद्धात सैनिकांचे जे हाल झाले त्यानंतर शरीर कमावण्याकडे सरकारचं लक्ष गेलं, मेजर हॅमर्सली आणि त्याच्याबरोबर १२ सार्जंट-कॉर्पोरल ऑक्सफर्डला मॅक्लारेनच्या जिम्नॅशियममध्ये शिकायला पाठवले, ते परत येऊन ऑल्डरशॉटच्या लष्करी छावणीत आर्मीची स्वतःची जिम्नॅस्टिक शाखा उभी राहिली. त्या शाखेची खूण म्हणजे एकमेकांवर फुली केलेल्या दोन तलवारी, आणि आजही ब्रिटिश आर्मीचा पीटी इन्स्ट्रक्टर तोच बिल्ला लावतो. तलवारबाजी हा व्यायामाचाच भाग धरला होता त्यांनी. मग छावणी-छावणीत जिम्नॅशियम झाले आणि तिथे लागायला लागल्या मुद्दाम सरावासाठीच बनवलेल्या तलवारी. कलेक्टर लोक जिम्नॅशियम सेबर म्हणतात त्या याच.

आल्फ्रेड हटन हे नाव तर पाठच करा. हा हिंदुस्थानात कॅमेरॉन हायलँडर्स पलटणीत असताना त्याने तिथे १८६२ मध्ये फेन्सिंग क्लब काढला होता, आणि पुढे आयुष्यभर हाच माणूस ओरडत राहिला की सरावाची तलवार हलकी पाहिजे, जड दांडगट लोखंड हातात दिलं तर शिपाई फक्त बडवायला शिकतो. दुसरा रिचर्ड बर्टन, अठराव्या बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्रीतला, १८४२ मध्ये मुंबईत उतरलेला, आपल्या मराठीची परीक्षाही पास झालेला, त्याने १८७६ मध्ये पायदळासाठी स्वतःची पद्धत छापली आणि तिच्यात समोरच्याच्या मनगटावर आणि कोपराखालच्या हातावर वार करण्यावर भर दिला. हे का सांगतोय, तर जुन्या सरावाच्या गार्डवर पोचे कुठे जास्त दिसतात ते बघा. बोटांच्या आणि मनगटाच्या बाजूला. हात हेच पहिलं निशाण असायचं.

शेवटी १८९५ मध्ये आर्मीने इटलीचा तलवारबाजीचा उस्ताद मासिएल्लो याची पद्धत घेतली, हटनला ती अजिबात पटली नव्हती, पण त्यानंतर सगळा कल खुपसण्याकडे गेला. ऑफिसरांच्या पायदळी तलवारीचं पातं तर १८९२ मध्येच सरळ आणि अरुंद झालं होतं, १८९७ चं पॅटर्न, म्हणजे त्या साली सरकारने ठरवलेला नमुना, आजही समारंभात चालतं, आणि घोडदळाला १९०८ मध्ये जी तलवार मिळाली तिचं पातं म्हणजे जवळजवळ ३५ इंचाची सरळ सुईच. साहजिकच सरावाच्या तलवारीही सरळ, लांब, लवचिक आणि मोठ्या वाटीसारख्या गार्डच्या झाल्या. म्हणजे पात्याचा आकार बघून काळाचा अंदाज येतो: वाकडं पातं असेल तर बहुतेक जुन्या कापण्याच्या पद्धतीतलं, सरळ आणि टोचायला बनवलेलं असेल तर बहुधा १८९५ च्या पुढचं.

कोणकोणत्या वस्तू समोर येतील

जिम्नॅशियम सेबर सगळ्यात जास्त दिसतात. लोखंडी पत्र्याची वाटी किंवा पट्टीचा गार्ड, लाकडावर चामडं चढवलेली मूठ, लढाईच्या तलवारीपेक्षा बारीक आणि हलकं पातं, टोक गोल केलेलं नाहीतर नंतरच्या काही तलवारींत वळवून गुंडाळलेलं. डीलर यांना १८६४, १८९९, १९०७ असे पॅटर्नचे आकडे लावतात, पण लेबलवरचा आकडा म्हणजे पुरावा नाही, गार्ड आणि शिक्के बघून आपण ठरवायचं.

मग सिंगलस्टिक. अॅश लाकडाची काठी आणि हाताला वेताची किंवा जाड चामड्याची टोपली. नेव्हीमध्ये कटलास, म्हणजे खलाशांची आखूड तलवार, शिकवायला हीच वापरायचे, आणि नेव्हीने कटलास १९३६ पर्यंत सोडली नव्हती, त्यामुळे सिंगलस्टिकही बराच काळ चालू होती. यात काठी बहुतेक वेळा नंतर बदललेली असते, त्याचं वाईट वाटून घेऊ नका कारण तेव्हाही काठ्या तुटायच्या आणि बदलायच्या, टोपली जुनी आहे ना तेवढं बघा. वेत वाकवलेल्या जागी तुटलेला असतो, आणि लाकडाला टाचणीएवढी गोल भोकं असतील, त्यातून ताजी पिवळसर पूड पडत असेल, तर ती कीड जिवंत आहे, घरात आणू नका.

संगिनीच्या सरावाची बंदूक हा माझा सगळ्यात आवडता प्रकार. दिसायला बंदूक पण गोळी उडत नाही, नळीच्या आत स्प्रिंग आणि एक दांडा, त्याच्या टोकाला बोंड, समोरच्याला लागला की दांडा आत जातो. स्प्रिंग चालते का हे बघायचा मोह होतो, पण हळूच दाबा, शंभर वर्षांचं पोलाद आहे ते. याशिवाय जाळीचे मास्क, चामड्याचे जाड हातमोजे, छातीचे पॅड हेही मिळतं आणि लोक फारसं विचारत नाहीत, पण तलवार आणि मास्क शेजारी ठेवला की बघणाऱ्याला काही समजावून सांगावं लागत नाही.

आणि शेवटी बोथट केलेल्या लढाईच्या तलवारी. जुनं पॅटर्न बाद झालं की त्यातल्या काही कापून, घासून सरावाला द्यायचे. या खऱ्या असतील तर फार चांगल्या, पण खोटेपणा इथेच जास्त होतो.

हातात घेतल्यावर काय बघायचं

आधी पात्याची कड. अंगठा कडेवर आडवा फिरवा, उभा नाही. सरावाच्या पात्याची कड घडवतानाच जाड, सपाट ठेवलेली असते. परेडची तलवारही बऱ्याचदा बिनधारेची असते, कारण लढाईला जायची वेळ आली तरच धार लावायचे, म्हणून बोथट आहे म्हणजे प्रॅक्टिसची हे समीकरण चुकीचं आहे. परेडच्या पात्याचा आकार कडेकडे निमुळता होत गेलेला असतो, फक्त शेवटची धार काढलेली नसते. सरावाचं पातं कडेपर्यंत जाडच.

मग टोक. पात्याच्या मधून जी पन्हळ जाते ती टोकाच्या आधी हळूहळू उथळ होऊन संपायला हवी. पन्हळ थेट टोकापर्यंत गेली असेल आणि तिथे पातं एकदम संपत असेल तर ते नंतर कापलेलं आहे. कापलेलं असणं हा गुन्हा नाही, आर्मीनेच कापलं असेल तर तो इतिहासच, पण मग त्या कापलेल्या जागेचा गंज आणि रंग बाकीच्या पात्यासारखाच असायला पाहिजे. तिथेच चकचकीत पांढरं पोलाद दिसलं, की तुटलेल्या तलवारीचं टोक गेल्या आठवड्यात कोणीतरी ग्राइंडरवर गोल केलंय समजा.

तिसरं म्हणजे मुठीच्या मागचं टोक, जिथे पात्याची शेपटी मुठीतून आरपार येऊन हातोडीने ठोकून बसवलेली असते. त्या ठोकलेल्या बटणाभोवती ताज्या खुणा, फाइलचे ओरखडे, वेल्डिंगचा मणी असं काही असेल तर मूठ काढून परत बसवलेली आहे, म्हणजे पातं एकीचं आणि मूठ दुसरीची असू शकते. नंतर तलवार हलक्या हाताने हलवून ऐका. थोडी खडखड चालते, मुठीचं लाकूड आणि आतलं चामडं सुकून आकसतं, पण मूठ गोल फिरत असेल तर आत काहीतरी तुटलंय.

गार्डच्या आतल्या बाजूला चामड्याचा किंवा फेल्टचा तुकडा असेल तर जीव की प्राण समजा. तो बहुतेक वेळा गेलेला असतो.

पोचे कुठे आहेत तेही बघा. खऱ्या सरावाचे खाचे पात्याच्या मुठीकडच्या अर्ध्या भागात आणि गार्डवर गर्दी करतात कारण अडवायचं तिथे, आणि ते जुने, कडा मऊ झालेले, आतून काळपट असतात. पोरांनी बागेत खेळून पाडलेले खाचे पात्याच्या मधोमध, मोठे आणि आतून चमकदार असतात. मी पहिली तलवार घेतली तेव्हा हे माहीत नव्हतं, फोटो बघून ऑनलाइन घेतली, विकणाऱ्याने व्हिक्टोरियन जिम्नॅशियम लिहिलं होतं आणि हातात आली ती विसाव्या शतकातली खेळाची फेन्सिंग सेबर. आता दोन सेकंदांत कळतं: खेळाच्या सेबरचं पातं फारच बारीक, गवताच्या पात्यासारखं लवलवतं, गार्डचा पत्रा पातळ, आणि मुठीच्या मागे बहुधा आट्यांचं नट असतं, ते खोललं की पातं बदलता येतं. आर्मीच्या तलवारीची शेपटी ठोकलेली असते.

नाटकाच्या तलवारी आणि फ्रीमेसनसारख्या मंडळींच्या समारंभाच्या तलवारीही याच टेबलावर मिसळलेल्या असतात, त्या बोथट असतात पण हातात घेतल्या की तोल समजतो, झेलायला बनवलेल्याच नाहीत. आपल्या डेहराडूनला ब्रिटिश तलवारींच्या नकला आजही चांगल्या बनतात, नवीन म्हणून विकल्या तर उत्तम वस्तू आहेत, फक्त कोणी त्या ॲसिडने गंजवून जुन्या म्हणून पुढे केल्या तर शिक्के बघा.

शिक्के वाचायला शिका, बाकी सगळं त्यानंतर

सरकारी मालावर रुंद बाण असतो, कोंबडीच्या पायाच्या ठशासारखा. त्याबरोबर बीओ ही अक्षरं असतील तर बोर्ड ऑफ ऑर्डनन्स, ते १८५५ मध्ये बंद झालं, म्हणून वस्तू त्याच्या आधीची. डब्ल्यूडी असेल तर वॉर डिपार्टमेंट, म्हणजे नंतरची. मुकुट, त्याखाली आकडा आणि अक्षर हा तपासनिसाचा शिक्का, ई म्हणजे एनफिल्ड, बी म्हणजे बर्मिंगहॅम. पात्यावर साधी फुली असेल तर ती वाकवून तपासल्याची खूण. १८८५ च्या सुदान मोहिमेत तलवारी आणि संगिनी वाकल्या, तुटल्या अशी इतकी ओरड झाली की पार्लमेंटपर्यंत प्रश्न गेला आणि पुढची तपासणी फार कडक झाली, त्यामुळे त्यानंतरच्या पात्यांवर शिक्क्यांची गर्दी दिसते.

दोन बाण टोकाला टोक लावून असतील तर तो माल आर्मीने अधिकृतपणे विकून टाकला होता. हा शिक्का मला नेहमी समाधान देतो, कारण वस्तू चोरीची नाही हे सरकारनेच लिहून दिलेलं असतं. आणि आपल्याला जवळचा शिक्का म्हणजे आय आणि एस या अक्षरांबरोबर बाण, तो इंडिया स्टोअर्सचा, ती वस्तू हिंदुस्थानातल्या फौजेसाठी गेलेली होती. असा शिक्का असलेली प्रॅक्टिस तलवार परत फिरून इंग्लंडच्या बाजारात दिसली की मी जरा जास्त पैसे मोजायला तयार असतो, पुण्यात नाहीतर देवळालीत तिचे दिवस गेले असतील का या विचारानेच.

गार्डवर पलटणीची अक्षरं आणि रॅकचा नंबर असतो, तो नंबर म्हणजे जिम्नॅशियमच्या भिंतीवर ती तलवार कितव्या खुंटीला लागायची. बनवणाऱ्यांची नावं विल्किन्सन, बर्मिंगहॅमचा मोल, एनफिल्डचा सरकारी कारखाना अशी सापडतात, काही पाती जर्मनीच्या झोलिंगनची. विल्किन्सनने चांगल्या ऑफिसरी तलवारींना १८५० च्या दशकापासून नंबर दिले आणि त्यावरून साल काढता येतं, पण सरकारी ऑर्डरच्या तलवारीवर तो नंबर शोधत बसू नका.

खरा शिक्का हातोडीने मारलेला असतो, त्याच्या कडेला धातू किंचित वर आलेला जाणवतो आणि खोलीत एका बाजूला कमी-जास्त असतं. साच्यात ओतलेल्या नकलीत अक्षरं गुळगुळीत, सगळीकडे सारखी. दहा पौंडांचं भिंग घ्या आणि मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बघा, सरळ प्रकाशात काही दिसत नाही.

म्यान नाही म्हणून भाव पाडून मागू नका आणि म्यान आहे म्हणून खुश होऊ नका. या तलवारी खुंटीवर टांगायच्या, त्यांना म्यान नसायचंच, बरोबर म्यान देत असेल तर ते दुसऱ्या कुठल्यातरी तलवारीचं आहे.

कुठे आणि कसं घ्यायचं

शक्यतो हातात घेऊन बघता येईल तिथेच. बर्मिंगहॅम आणि लंडनला आर्म्स फेअर भरतात, सकाळी लवकर जा, पहिल्या फेरीत काहीच घेऊ नका, फक्त बघा आणि हात लावायच्या आधी विचारा. लिलावात घेणार असाल तर हातोडी पडली तो भाव म्हणजे शेवटचा भाव नाही, त्यावर लिलावघराचं कमिशन असतं, बऱ्याच ठिकाणी २५ टक्क्यांच्या आसपास, त्या कमिशनवर व्हॅट, मग पार्सलचा खर्च, हे सगळं मिळवून आपला वरचा आकडा आधीच कागदावर लिहून ठेवा आणि त्याच्या पुढे जाऊ नका. लिलावात 'तलवारींचा गठ्ठा' म्हणून पाच-सहा वस्तू एकत्र असतात, त्या फोटोत मागच्या बाजूला वाटीसारखा काळा गार्ड डोकावतोय का बघा, मला दोन चांगल्या वस्तू अशाच मिळाल्या. कंडिशन रिपोर्ट आणि शिक्क्यांचे जवळून फोटो मागायला लाजू नका, देत नसतील तर सोडून द्या.

कायद्याचं बघूनच पुढे जा. इंग्लंड-वेल्समध्ये २००८ पासून ५० सेंटीमीटर किंवा जास्त लांब वाकड्या पात्याची तलवार विकायला बंदी आहे, पण १०० वर्षांपेक्षा जुन्या वस्तूला त्यातून सूट आहे, म्हणून जुनेपणाचा लेखी उल्लेख असलेली पावती जपून ठेवा. तलवार घेऊन रस्त्याने फिरायचं नाही, बोथट असली तरी नाही, गुंडाळून, बांधून, गाडीच्या डिकीत आणि फेअरहून सरळ घरी.

भारतात न्यायचा विचार असेल तर सूटकेसमध्ये टाकून अजिबात नेऊ नका. भारताच्या शस्त्र नियमांमध्ये तलवार, खंजीर, संगीन ही नावं घेऊन यादीत आहेत, कस्टमचे नियम वेगळे, आणि महाराष्ट्रात पोलिसांचा जमावबंदी-शस्त्रबंदीचा आदेश लागला की महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली तलवार बाळगून बाहेर पडणं हाच गुन्हा होतो. बोथट आहे, अँटिक आहे हे नाक्यावर कोणी ऐकून घेणार नाही. आधी लेखी विचारा, परवानगी हातात आली तरच. तसंच मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात अशी एखादी सापडली तर १०० वर्षांपेक्षा जुनी वस्तू पुरातन वस्तूंच्या १९७२ च्या कायद्याप्रमाणे देशाबाहेर नेता येत नाही हेही ध्यानात असू द्या.

घरी आणल्यावर

साफ करायची घाई करू नका. हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतोय. माझ्या दुसऱ्या तलवारीच्या गार्डवर गंज होता, मी सॅंडपेपर घेऊन बसलो आणि दोन तासांत गार्ड लखलखीत केला, मग रात्री भिंगाने बघितलं तर पलटणीच्या अक्षरांपैकी अर्धी गेलेली. ती आता परत येणार नाहीत. ती तलवार कोणत्या पलटणीची हे मला कधीच कळणार नाही आणि माझ्यानंतर ती ज्याच्याकडे जाईल त्यालाही नाही. तेव्हापासून माझा नियम: लाल, पावडरसारखा सुटणारा गंज काढायचा, काळा-तपकिरी घट्ट बसलेला रंग तसाच ठेवायचा. पात्यावर हलकं मिनरल ऑइल, मऊ सुती कापड, फारच झालं तर सगळ्यात बारीक स्टील वूल तेलात भिजवून अगदी हळू, आणि शिक्क्याजवळ तेही नाही. शेवटी मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्सचा पातळ थर, रेनेसान्स वॅक्स नावाने मिळतं, ब्रिटिश म्युझियममध्येच ते तयार झालं होतं. खाचे फाइलने घासून सरळ करायचे नाहीत. खाचे काढले तर तुम्ही विकत घेतलेली गोष्टच काढून टाकली.

मुठीच्या चामड्याला तेल, खोबरेल, बूट पॉलिश काही नको. तेलाने ते फुगतं, मऊ होतं आणि शिवण सुटते. चामडं लाल भुकटी होऊन हाताला लागत असेल तर हात लावणंच कमी करा. तलवार हातात घेताना नायट्राइलचे हातमोजे घाला, घामाच्या बोटांचे ठसे आठवड्यात गंजून वर येतात. इथे हीटिंगने हवा कोरडी पडते आणि मुठीचं लाकूड तडकतं, रेडिएटरच्या वर टांगू नका. कोकणात किंवा मुंबईत ठेवणार असाल तर उलटा प्रॉब्लेम, पावसाळ्यात चामड्याला बुरशी येते, सिलिका जेलच्या पुड्या ठेवलेलं बंद कपाट बरं, आणि महिन्यातून एकदा उघडून बघायचंच. कापडात घट्ट गुंडाळून ट्रंकेत ठेवू नका, कापड ओल धरतं.

या तलवारीने खेळायचं नाही. प्रॅक्टिसची आहे, मग प्रॅक्टिस केली तर काय झालं असं मला जवळजवळ प्रत्येक पाहुणा विचारतो. शंभर-दीडशे वर्षं जुनं, वार झेललेलं पोलाद आत कुठे थकलंय ते बाहेरून दिसत नाही, एका टोल्यात पातं मोडतं आणि तुटलेला तुकडा कुठे उडेल ते सांगता येत नाही. खेळायचंच असेल तर आजकाल या तलवारींच्या धर्तीवर नवीन सेबर बनतात, मास्क-जाकीट घालून क्लबात त्याने खेळा, मीही जातो दर गुरुवारी, आणि त्यामुळे जुन्या गार्डवरचे पोचे जास्त नीट वाचता यायला लागले हेही खरं.

शेवटचं काम म्हणजे वही. प्रत्येक वस्तूला एक पान: कधी, कुठे, कितीला घेतली, पात्याची लांबी, मुठीजवळची रुंदी, वजन, तोल मुठीपासून किती इंचावर येतो, आणि प्रत्येक शिक्का हाताने काढून. फोटो असला तरी हाताने काढा, काढताना नजर अशा ठिकाणी जाते जिथे कॅमेऱ्याची जात नाही. माझ्या एका सेबरवर मला दोन वर्षं २१ हा रॅक नंबर वाटत होता, वहीत काढायला बसलो तेव्हा दिसलं की २ च्या खाली आधीचा ४ पुसट आहे, म्हणजे ती तलवार एका जिम्नॅशियमच्या ४१ नंबरच्या खुंटीवरून निघून दुसरीकडच्या २१ व्या खुंटीला गेली असणार.